घंटी कोणी दिली?

लीलाधरनाना लहान असताना भडगावच्या भजनी मंडळाची पेटी त्यांच्या घरी ठेवलेली असायची. एका एकादशीला मंडळ जमलं, टाळकरी आले, पखवाजाला कणीक लागली आणि पेटी उघडून बघतात तर सूरच नाही. पट्ट्या एकेक करून सतरंजीवर ओळीने मांडलेल्या, आणि शेजारी घामाघूम झालेला लीलाधर.

"आवाज कुठे बसतो ते बघत होतो," म्हणाला.

वडिलांनी पाठीत एक घातला. दुसरा घालणार तेवढ्यात पेटी वाजवणारे म्हातारे आबा मध्ये पडले. "मारू नका त्याला. देवानेच त्याच्या पोटात प्रश्न घातलाय. मारून का तो बाहेर पडणार आहे?"

आणि खरंच, तो प्रश्न काही बाहेर पडला नाही. लीलाधर मोठा झाला, लाल गाडीवर कंडक्टर म्हणून लागला, लग्न झालं, डोक्यावरचे केस विरळ झाले, पण "असं का?" काही सुटलं नाही. कुंदाबाई नव्या नवरी होत्या तेव्हा पहिल्याच सणाला त्यांनी चुलीवर खापर पालथं ठेवलं आणि हातावर पुरणाचा मांडा फिरवायला घेतला. नवरा दारात उभा. "खापर पालथंच का? सुलटं का नाही?"

"सुलट्यावर करून बघा, आणि मलाही सांगा," कुंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी खरोखर करून बघितलं. मांडा खापराच्या पोटात जाऊन जो चिकटला तो उलथन्याने खरवडून गाईला घालावा लागला. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. लीलाधर मात्र खूश. "आता कळलं," म्हणाले.

पुढे ते कंट्रोलर झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमधल्या एका तालुक्याच्या गावचा डेपो. स्टँडवर एक जाळीची खिडकी, आत टेबल, टेबलावर माइक, आणि माइकमागे नाना. कोणी खिडकीशी येऊन विचारलं, "पाचोऱ्याला कशी गाडी?" की नाना वेळ सांगणार, आणि लगेच, "पाचोऱ्याला कोणाकडे? अच्छा, लेकीकडे. मग पिशवीत काय? लोणचं? कैरी कुठली?" माणूस एक विचारायला यायचा आणि चार सांगून जायचा. डेपोतली पोरं हसायची. "बाकी डेपोत चौकशीची खिडकी असते, आपल्याकडे चौकशीचा नाना आहे!"

कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर आणि कोणता कंडक्टर द्यायचा, ते नानाच ठरवत. जोडी लावणं म्हणजे लग्न जुळवण्यासारखंच काम, असं ते म्हणत. एक तापट असेल तर दुसरा थंड पाहिजे. एकाला विडी लागत असेल तर दुसऱ्याला निदान धूर चालला पाहिजे. चिंचझिऱ्याच्या मुक्कामी गाडीवर त्यांनी झुलाल आणि रुपचंद ही जोडी लावली होती, आणि त्या जोडीचा त्यांना भारी अभिमान होता.

चिंचझिरे म्हणजे डोंगराला टेकलेलं गाव. गाडी संध्याकाळी तिथे जायची, मुक्काम करायची आणि सकाळी बागेत कामाला जाणाऱ्या बायका, शाळेची मुलं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं असं सगळं घेऊन तालुक्याला यायची. रस्ता खडीचा. तिथे मुक्कामाला जायला कोणी राजी नसे. झुलाल आणि रुपचंद मात्र हसत जायचे. झुलाल ड्रायव्हर धुळ्याकडचा, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं अहिराणी, आणि वेळेचा असा पक्का की गाडी गेली की लोक घड्याळ लावायचे. रुपचंद कंडक्टर पाचोऱ्याचा, गोड बोलणारा, थांब्याथांब्यावर ओळखी. चिंचझिऱ्याच्या रस्त्यावर जो वडफाटा लागतो, तीच त्याची सासरवाडी. फाट्यावर त्याचा सासरा किंवा मेहुणा उभा असायचाच. जावई तिकडे दोन शब्द बोलत बसायचा आणि इकडे झुलाल स्टेअरिंगवर बोटं वाजवायचा. एवढं सोडलं तर जोडी झकास.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं साल असेल. दिवाळी होऊन गेली होती. रविवारचा, तालुक्याच्या बाजाराचा दिवस. सकाळी गाडी वडफाट्याला आली ती गच्च भरून, आणि फाट्यावर तेवढीच माणसं अजून उभी. अशा वेळी कंडक्टर खाली उतरतो, बाहेरच तिकिटं फाडतो आणि मग एकेकाला आत चढवतो. रुपचंदही उतरला. तिकिटं फाडायला लागला, तेवढ्यात गाडीत टिंग-टिंग दोन घंट्या झाल्या. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. गाडी निघाली. कंडक्टर खाली!

रुपचंद धावला. गळ्यातली चामड्याची पिशवी उडतेय, बगलेत तिकिटाची पेटी, एका पायातली चप्पल मागे राहिलेली, आणि हे सगळं सासऱ्याच्या, मेहुण्याच्या आणि अख्ख्या सासरवाडीच्या डोळ्यांसमोर. गाडी थेट पुलाशी थांबली, आतल्या लोकांनी "अहो, कंडक्टर राहिला!" म्हणून ओरडा केला तेव्हा. त्या दिवसापासून फाट्यावर त्याचं नाव पडलं, पळते जावई. मेहुणा तर समोरासमोर म्हणायचा, "या दाजी! आज बसून आले का पळत?"

रुपचंदची खात्री झाली की झुलालने मुद्दाम गाडी काढली. सासरवाडीला गप्पा मारतो म्हणून धडा शिकवला. झुलालची खात्री झाली की रुपचंदने घंटी दिली, मग मेहुणा दिसला म्हणून उडी मारली, आणि आता अंगाशी आलं तर घंटी दिलीच नाही म्हणतो. दोघांचं बोलणं तुटलं.

बोलल्याशिवाय गाडी चालते का? चालते, हेच तर नानांना नवल वाटायचं. ड्रायव्हरच्या पाठीमागे जाळी असते. रस्त्यात गुरं आडवी आली की झुलाल जाळीतून पहिल्या बाकावरच्या माणसाला सांगायचा, "मांगे सांगा, म्हशी शेतस, येळ लागी." तो मागच्याला सांगायचा, तो त्याच्या मागच्याला. रुपचंद मागून म्हणायचा, "पुढे सांगा, म्हशी आम्हालाही दिसतात." निरोप बाक चढत पुढे जायचा. लोकांना आधी मजा वाटली. मग एकदा एका म्हाताऱ्याला उतरायचं होतं, घंटी एकदा वाजली, आणि झुलालने गाडी थांबवली ती थांब्याच्या पार पुढे. म्हातारा काठी टेकत मागे आला आणि त्याच्या मुलाने डेपोत तक्रार दिली.

मॅनेजरसाहेबांनी नानांना बोलावलं. साहेब नवे होते, माणूस वाईट नव्हता, पण उकल झटपट हवी.

"लीलाधरराव, गाडी एक, माणसं दोन. एक म्हणतो घंटी झाली, दुसरा म्हणतो मी दिली नाही. म्हणजे एकजण खोटारडा. कोण ते मला सोमवारी सांगा. त्याची बदली करून टाकतो."

"आणि मुक्कामी गाडी, साहेब?"

"दुसरी जोडी मिळेपर्यंत बंद."

दुसरी जोडी मिळायची नाही हे नानांना ठाऊक होतं. म्हणजे चिंचझिऱ्याच्या बायका-मुलांनी फाट्यापर्यंत चालत यायचं. आणि त्याहून मोठं ओझं दुसरंच होतं. दोघांपैकी एकाच्या कपाळावर 'खोटारडा' असं लिहायचं, आणि ते लिहायचं नानांनी, ज्यांनी ही जोडी लावली त्यांनीच.

त्यांनी आधी झुलालला गाठलं. तो गाडीची काच पुसत होता.

"नाना, मन्हा गळामा तुळशी शे. दोनदाव घंटी वाजनी, मी गाडी काढी. तो खोटं बोली राहिना."

"नीट आठव. एकदा वाजली असेल."

"मन्हा कान काय भाड्याना शेतस का? दोनदाव!"

मग रुपचंदला चहा पाजला.

"नाना, मी खाली तिकिटं फाडत होतो, सगळा फाटा साक्षीला आहे. माझा हात काय मारुतीची शेपटी आहे, खालून आत घालून दोरी ओढायला?"

नाना घरी आले ते चक्रावून. झुलाल खोटं बोलत नव्हता, त्याचा चेहराच सांगत होता. रुपचंदही खोटं बोलत नव्हता. मग घंटी दिली कोणी?

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. कुंदाबाई पाटावर कलश मांडत होत्या, आंब्याच्या डहाळ्या, पाच फळं, सुपारी. नाना बाजूला बसून सगळं सांगत होते. सांगता सांगता एक सुपारी उचलून परत ठेवली, तीही चुकीच्या जागी.

"हात नका लावू," कुंदाबाई म्हणाल्या. सुपारी जागेवर ठेवली. "मी लहान असताना आमच्याकडे एकदा दूध सांडलं होतं. आजी म्हणाली काकूने सांडलं, काकू म्हणाली सासूबाईंनीच सांडलं. चार दिवस घर पेटलेलं. दोघी तुळशीपुढे शपथ घ्यायला तयार. आणि पाचव्या दिवशी शिंक्यावर मांजर सापडली."

"मग?"

"मग काय? मांजरीला कोणी विचारलंच नव्हतं. तुम्ही दोघांनाच विचारताय. गाडीत काय दोघंच असतात का?"

नाना उठून उभेच राहिले. "अगं, पण गाडी गच्च भरलेली होती!"

"तेच म्हणते ना मी. आता बाजूला व्हा, मला पोथी वाचू द्या."

शनिवारी संध्याकाळी नाना हातात नारळ घेऊन चिंचझिऱ्याच्या गाडीत बसले. डोंगरातल्या देवीचा नवस फेडायचाय, असं सगळ्यांना सांगितलं. अगदीच खोटं नको म्हणून घरून निघताना देवीला खरंच बोलले होते, की हे कोडं सोडव, नारळ वाढवीन.

मुक्कामी गाडीच्या माणसांचं जेवण गाव करतं, ही आपल्याकडची जुनी रीत. चिंचझिऱ्यात ते धुरपदाबाईंच्या ओट्यावर असे. गावातलं पहिलंच घर, समोर गाडी उभी करायला जागा. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. चंपाषष्ठी झाली होती, वांगी खायला मोकळी, आणि अक्कांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली होती. त्यांचा खमंग वास गाडीतून उतरल्या उतरल्याच नानांना भेटला.

रुपचंद जेवायला बसला. झुलाल गाडीपाशी टायर बघत उभा राहिला, टायरला काहीही झालेलं नसताना. रुपचंद हात धुऊन उठला तेव्हा झुलाल आला.

"पाह्यलं का नाना?" अक्का तव्यावरची कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी उलटत म्हणाल्या. "एक आला की दुसरा निंगून जातो. माह्या घरी काय सासू-सुना जेवू राह्यल्या का? दोनदा भाकऱ्या, दोनदा ताटं. त्या चुलीले तरी कटाया येत असीन!"

"अक्का, भांडण कशावरून झालं असेल हो?"

"मले काय माहीत? बाप्यांची जात. चहावरून भांडले असतीन. तुमी भरीत घ्या, थंडं होऊ राह्यलं."

जेवून नाना पारावर गेले. तिथल्या माणसांना गोळा केलं आणि हळूहळू विषय काढला. त्या रविवारी गाडीत कोण कोण होतं? दोरीजवळ कोण उभं होतं? कोणा पोराटोराने खोडी केली का? माणसांनी माना हलवल्या. "घंटी कंडक्टरच देतो नाना. आपण कशाला हात लावू?" त्या ओसरीवर विचार, या ओसरीवर विचार, सगळीकडे तेच. नाना ओट्यावर परत येऊन आडवे झाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. सोमवार उंबऱ्याशी आला होता.

गावातल्या यच्चयावत पुरुषांना विचारून झालं होतं. ज्या चुलीवरचं भरीत पोटात गेलं, त्या चुलीपुढच्या बाईला मात्र "घंटी कोणी दिली?" एवढं विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी गाडी लागली. बाजाराचा दिवस. अक्का वांग्यांची टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी चढल्या आणि मागच्या दाराजवळच्या बाकावर, खिडकीपाशी बसल्या. ती त्यांची ठरलेली जागा असावी, कारण लोक ती सोडूनच बसत होते. नाना त्यांच्या शेजारी बसले. मग बायका आल्या, मुलं आली, पाटीत बसवलेल्या कोंबड्या आल्या. रुपचंद तिकिटं काढत काढत पुढे सरकला आणि माणसांच्या त्या दाटीत पार दिसेनासा झाला. फक्त त्याच्या चिमट्याची टिकटिक ऐकू येत होती.

पहिला थांबा केळीच्या बागेचा. कामाच्या काही बायका उतरल्या, दोन माणसं चढली. शेवटच्या माणसाने दार ओढून घेतलं. धाडकन.

अक्का तेव्हा नानांना आपल्या सुनेच्या माहेरचं काहीतरी सांगत होत्या. सांगणं तसंच चालू, नजर नानांकडे, आणि उजवा हात वर गेला, डोक्यावरची दोरी धरली, टिंग-टिंग. गाडी निघाली. हात परत टोपलीवर. "... तं मंग तिचा भाऊ म्हणे, आमी नाही पाठवत."

नानांच्या हातातला नारळ खाली पडायचा राहिला.

"अक्का," त्यांनी अगदी हळूच विचारलं, "ही घंटी तुम्ही नेहमी देता?"

"हो. पोऱ्हाले मांगे येता येत नाही ना गर्दीत. त्यानंच सांगलं होतं मले, अक्का, दरोजा लागला की दोन घंट्या देत जा. मी बाजाराच्या दिवशी देते. दुसऱ्या कोणाले हात नाही लावू देत."

शेवटचं वाक्य बोलताना अक्कांची मान जरा ताठ झाली.

नानांना एकदम हसू आलं, आणि लगेच ते विरलं. समोर सगळं लख्ख दिसत होतं. त्या रविवारीही रुपचंद खाली होता, कोणीतरी दार लोटलं, अक्कांचा हात वर गेला. झुलालने दोन घंट्या ऐकल्या, खऱ्या. रुपचंदने दिल्या नाहीत, तेही खरं. अक्कांनी घंटी दिली हे गाडीत कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती त्या नेहमीच देतात. देवळात रोज वाजणाऱ्या घंटेकडे कोण मान वळवून बघतं? आणि रुपचंदला आठवलं नाही, कारण अक्कांचा हात म्हणजे आपलाच हात, असं तो धरून चालला होता.

पण आता हे बोलायचं कसं? नियमाने घंटी कंडक्टरनेच द्यायची, म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती दिल्याचा दोष रुपचंदचा. नियमाने ड्रायव्हरने आरशात बघून गाडी काढायची, म्हणजे तो दोष झुलालचा. आणि या बाईला चारचौघांत सांगायचं, की हे सगळं तुमच्यामुळे? जिच्या ओट्यावर दोघं दोनदा जेवतात तिला?

वडफाटा आला. खाली ही गर्दी, आणि गर्दीच्या पुढे डोक्याला उपरणं गुंडाळलेला रुपचंदचा सासरा, शेजारी मेहुणा. रुपचंद दाराशी आला, पण खाली उतरेना. पळते जावई झाल्यापासून तो त्या फाट्यावर पाय ठेवत नसे.

"उतर," नाना म्हणाले.

"नाना, मी आतूनच तिकिटं..."

"कंट्रोलर सांगतोय. खाली उतर आणि तिकिटं फाड."

रुपचंद उतरला. मेहुण्याने लगेच तोंड उघडलं. "दाजी, चप्पल घट्ट आहे ना?" लोक हसले. रुपचंदने मान खाली घालून पहिलं तिकीट फाडलं. नाना उठले, दारापाशी गेले, देवीचं नाव घेतलं आणि दार ओढून घेतलं. धाडकन.

टिंग-टिंग.

गाडी हलली.

"झुलाल!" खालून रुपचंदची आरोळी आली. किती दिवसांनी त्याने ते नाव तोंडातून काढलं होतं! पेटी बगलेत, पिशवी उडतेय, आणि तो पुन्हा धावतोय. सासऱ्याने डोक्यावरचं उपरणंच तोंडाला लावलं.

पण या वेळी झुलालने आरशात बघितलं. गचकन ब्रेक लागला, कोंबड्या ओरडल्या, अक्कांच्या टोपलीतली वांगी बाकाखाली गडगडली. झुलाल केबिनमधून उडी मारून खाली आला, मागच्या दाराकडे धावला आणि दार उघडून नानांपुढे उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदच होता.

"ऐकी ना नाना? दोनदाव! तुमीन ऐकी ना?"

तेवढ्यात रुपचंद धापा टाकत पोचला. "नाना, तुम्ही बघितलं ना? मी खाली होतो! मी कशी देणार घंटी?"

"तू नही देनी?"

"अरे, मी खाली होतो!"

"मंग कोनी देनी?"

इतक्या दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलत होते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दोघांनी एकदमच आत बघितलं. अक्कांचा हात अजून दोरीवरच होता.

"काहून थांबोली रे गाडी?" अक्का म्हणाल्या. "दरोजा लागला, मी घंटी देली. माही सगळी वांगी सांडली ना!"

रुपचंदच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटताना नानांनी पाहिल्या. नुकतंच भिजवलेलं पोळीचं पीठ आपण झाकून ठेवतो आणि थोड्या वेळाने ते आपोआप सैल पडतं, तसं त्याचं तोंड झालं. झुलाल आरशाकडे बघत होता, गाडीच्या अंगावरच्या त्या लांबुळक्या आरशाकडे, जसा काही तो आजच कोणीतरी आणून बसवलाय.

अक्कांनी याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. बाई काही खुळी नव्हती. "म्हंजे त्या दिसी..." त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात दोरीवरून हळूच खाली आला. "मी तं समजली, सासरा दिसला म्हणून हा मधीच उतरला असीन. मायबाई! तुमी माह्यासाठी भांडले का रे? मी चुकली का?"

नानांच्या मनात आलं, आता इथे जे बोललं जाईल, त्यावर पुढचं सगळं. पण बोलले ते नाना नव्हेत.

"नाही अक्का," रुपचंद म्हणाला. खाली बसून वांगी गोळा करायला लागला होता तो, मान वर न करता. "तुमची घंटी बरोबर होती. दार लागलं, तुम्ही दिली. मीच सांगितलेलं. मीच विसरलो."

"आन् मी आरसा देखा नही," झुलाल म्हणाला. एक वांगं त्याच्या पायाशी आलं होतं. ते उचलून त्याने रुपचंदच्या हातात दिलं. मग अक्कांकडे वळून, जरा मोठ्यानेच, "बठ्ठा चढना का? दार लावा. अक्का, घंटी दे वं. उशीर हुई राहिना."

फाट्यावरची माणसं चढली. सासराही चढला. रुपचंद सगळ्यांत शेवटी आत आला आणि त्याने दार ओढलं. अक्कांनी एकदा त्याच्याकडे बघून घेतलं, तो आत आहे याची खात्री केली, आणि दोरी ओढली. टिंग-टिंग. नियमाप्रमाणे घंटी कंडक्टरनेच द्यायची असते. कंट्रोलरसाहेब त्या वेळी खिडकीबाहेर केळीच्या बागेकडे बघत होते. बाग फार छान होती.

मेहुण्याने जाता जाता शेवटचं एकदा करून पाहिलं. "दाजी, आजही पळालेच!"

"पळालो," रुपचंद म्हणाला. "आणि गाडी थांबली. तुझ्यासाठी थांबते का कोणी?" अख्खी गाडी हसली. जाळीपलीकडून झुलालचंही हसणं ऐकू आलं.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "मग? कोण खोटं बोलत होता?"

"कोणीच नाही, साहेब."

"आणि घंटी?"

"घंटी खरी होती. दार वेळेआधी लागलं."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग मी काय दाराची बदली करू?"

"नाही. दाराला बाहेरून एक आकडा बसवून द्या. कंडक्टर खाली उतरला की दार उघडं अडकवून ठेवील, आणि चढताना सोडवील. म्हणजे त्याच्यावाचून लागणारच नाही." साहेब हसले आणि त्यांनी वर्कशॉपला सांगून टाकलं. आत नेमकं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. नानांना त्याचंच फार आश्चर्य वाटलं. माणसाला एवढं कळतं आणि पुढचं जाणून घ्यावंसं वाटत नाही, हे कसं?

घरी मात्र सगळं सांगावं लागलं. कुंदाबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आदल्या दिवशी त्यांच्याच ओट्यावर जेवलात ना? मग त्यांनाच का नाही विचारलं?"

"आज भाजी काय?" नाना म्हणाले. चौकशीच्या खिडकीला विषय बदलताना कुंदाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

झुलाल आणि रुपचंद पुढे पुष्कळ वर्षं त्या मुक्कामावर राहिले. अक्कांच्या ओट्यावर पुन्हा एकाच वेळी दोन ताटं लागू लागली. देवीला नारळ वाढवला तेव्हा प्रसाद दोघांनी मिळून वाटला, आणि कोणाला खोबरं कमी पोचलं यावरून थोडं वाजलंही. पण ते तोंडी वाजणं, त्याची काळजी नको.

नाना निवृत्त झाले तरी संध्याकाळचे स्टँडवर जाऊन बसायचे. चिंचझिऱ्याचं कोणी उतरलं की सरकून जागा करून द्यायचे, सुनेचं, केळीचं, विहिरीच्या पाण्याचं विचारायचे. सगळं विचारून झालं की शेवटी यायचेच तिथे.

"बरं, तो रविवार आठवतो का? रुपचंद पळाला तो. घंटी अक्कांनी दिली, ते झालं. पण त्या दिवशी दार कोणी लोटलं हो?"

"धूळ येत असेल नाना. लोटलं असेल कोणीतरी."

"ते झालंच. पण कोणी?"

आणि घरी गेल्यावर कुंदाबाई दिवा लावता लावता विचारायच्या, "कळलं का?"

"नाही अजून," नाना म्हणायचे, आणि पाय धुवायला जायचे, चेहऱ्यावर एकदम समाधान.